ट्रेलरच्या तळाला ट्रीटेड लाकूड: कोकणच्या हवेत काय टिकतं, काय बिघडतं

कॅम्पिंगसाठी छोटा ट्रेलर घरीच बांधायचा म्हटलं की सगळ्यात आधी अडतं ते तळापाशी. भिंतीला पत्रा चालतो, छताला फायबर चालतं, पण पायाखाली आणि गादीखाली लाकूडच हवं असतं. कोकणात लाकडाचे वैरी भरपूर. चार महिने धो धो पाऊस, वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास. किनाऱ्यालगत खारी हवा, आणि परसात उभ्या केलेल्या कुठल्याही लाकडी वस्तूवर वाळवीचा डोळा. मग वखारीत कोणी तरी हिरवट रंगाची पाइनची फळी दाखवतं, ‘प्रेशर ट्रीटेड आहे, सडायची नाही’ म्हणून सांगतं, आणि प्रश्न सुटल्यासारखा वाटतो.

फळी सहसा सडत नाही, हे खरं आहे. पण ट्रेलरच्या तळात बसवल्यावर तिच्यामुळे दुसऱ्याच गोष्टी आधी बिघडतात. स्क्रू झिजतात, चासीवरचा जस्ताचा थर जातो, फळ्यांना पीळ पडतो आणि वजन वाढतं. म्हणून झोपायच्या बंद ट्रेलरचा मुख्य तळ मरीन प्लायचा, म्हणजे पाण्यात न सुटणाऱ्या गोंदाच्या प्लायवूडचा करावा, आणि ट्रीटेड लाकूड बाहेरच्या, उघड्या, वारा लागणाऱ्या जागांसाठी ठेवावं. असं का, ते कळायला ट्रीटमेंटमध्ये नेमकं काय होतं ते आधी बघू.

औषध लाकडात जातं कसं

लाकडाच्या फळ्या लांबलचक लोखंडी टाकीत भरतात. आधी पंपाने टाकीतली आणि लाकडातली हवा ओढून घेतात. मग औषधाचं पाणी सोडून दाब देतात, म्हणजे ते पाणी लाकडाच्या पेशींत घुसतं. शेवटी पुन्हा हवा ओढून वरवरचं पाणी काढतात. पाणी उडून जातं, औषध मागे राहतं. ब्रशने लावलेलं औषध वरच्या एक-दोन मिलिमीटरात थांबतं. दाबाने दिलेलं बरंच खोल जातं.

या क्षेत्रातलं जगभर वापरलं गेलेलं औषध भारतातलं आहे. तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचं मिश्रण, म्हणजे सीसीए, डॉ. सोंटी कामेसम यांनी डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेत १९३३ साली शोधून काढलं. तांबं बुरशीला आवरतं, आर्सेनिक वाळवीला आणि भुंगेऱ्याला, आणि क्रोमियम या दोघांना लाकडाच्या तंतूंशी बांधून ठेवतं. आर्सेनिकच्या काळजीपोटी अमेरिकेत घरगुती कामाच्या लाकडासाठी २००३ च्या अखेरीस सीसीए थांबवलं गेलं आणि एसीक्यू, कॉपर अ‍ॅझोल अशी बिनआर्सेनिकची औषधं आली. त्यांत तांब्याचं प्रमाण जास्त असतं. ट्रेलर बांधणाऱ्याने हे लक्षात ठेवायला हवं, कारण पुढची निम्मी भानगड त्या तांब्याचीच आहे.

दाब दिला तरी औषध सगळीकडे सारखं जात नाही. खोडाचा बाहेरचा फिकट भाग ते भरपूर पितो, गडद गाभा जवळजवळ पीत नाही. म्हणून ट्रीटेड फळी मधोमध कापली की बऱ्याचदा कडेला हिरवा पट्टा आणि आत कोरं लाकूड दिसतं. विकत घेताना टोकाकडचा हिरवा रंग बघून उपयोग नाही. एक फळी मधून कापून मागा. रंग वरच्या कातडीपुरताच असेल तर ते ट्रीटमेंट नव्हे, रंगकाम आहे.

आपल्याकडे आणखी एक घोटाळा सर्रास होतो. मशीनच्या खोक्यांचं आणि पॅलेटचं पाइन भंगारात स्वस्त मिळतं आणि त्यावर ‘एचटी’ असा शिक्का असतो. तो प्रेशर ट्रीटमेंटचा नाही. लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांना तीस मिनिटं तापवलं, एवढाच त्याचा अर्थ. त्या वेळी आत असलेली कीड मेली. उद्या येणाऱ्या वाळवीला त्या शिक्क्याचं काही देणंघेणं नाही. ‘एमबी’ असेल तर मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली आहे. तीही पुढचं संरक्षण देत नाही. रेल्वेचे जुने काळे स्लीपर तर ट्रेलरच्या आसपासही आणू नयेत. त्यांतलं क्रिओसोट (डांबरापासून काढलेलं तेल) उन्हात वाफाळतं, कातडीला भाजतं आणि कर्करोगकारक आहे. कुलिंग टॉवरमधून निघालेलं लाकूड कुठे मिळालं तर ते सहसा सीसीए दिलेलं असतं. तेही झोपायच्या जागेत नको.

ट्रेलरमध्ये घोडं कुठे अडतं

पहिली अडचण वजनाची. ८ बाय ४ फुटांचा तळ धरा, म्हणजे जेमतेम तीन चौरस मीटर. त्यावर २५ मिलिमीटर जाडीच्या पाइनच्या फळ्या टाकल्या तर कोरड्या लाकडाचं वजन ३७ किलोच्या आसपास भरतं. पण ट्रीटेड लाकूड बहुतेक वेळा ओलंच विकलं जातं, कारण टाकीतून निघाल्यावर ते भट्टीत पुन्हा वाळवणं खर्चाचं काम. ओल्या अवस्थेत तेच ६० किलोपर्यंत जातं. याउलट १२ मिलिमीटरची मरीन प्लायची एक शीट साधारण २५ किलोची असते आणि दोन दिशांनी ताठ असते. लहान गाडीमागे आंबा घाट किंवा परशुराम घाट चढवायचा ट्रेलर असेल तर हा फरक चढावर आणि उतारावर, ब्रेक दाबताना, दोन्हीकडे जाणवतो.

दुसरी अडचण त्याच ओलेपणाची. ओली फळी चासीवर घट्ट आवळली आणि मग ती वाळू लागली की आडवी आकसते. फटी पडतात, पीळ येतो, स्क्रूची भोकं ओढली जातात. त्यावर व्हिनाइल चिकटवलं असेल तर पाण्याला वर यायला वाट राहत नाही. गोंद सुटतो, फुगे येतात, गाद्यांना कुबट वास लागतो.

तिसरी अडचण धातूची, आणि किनाऱ्यावर हीच सर्वांत महागात पडते. लाकूड ओलं झालं की औषधातलं थोडं तांबं पाण्यात उतरतं. ते जस्ताला किंवा अ‍ॅल्युमिनियमला टेकलं की तिथे बारीक बॅटरी तयार होते, आणि तांब्यासाठी जस्त किंवा अ‍ॅल्युमिनियम झिजत जातं. मिठाचं पाणी त्या बॅटरीला आणखी जोर देतं. बाजारातले पिवळे किंवा चकचकीत पांढरे स्क्रू घ्या: त्यांच्यावर जस्ताचा थर असतो पाच-आठ मायक्रॉनचा. ट्रीटेड लाकडात आणि खाऱ्या हवेत तो भराभर संपतो. मग उघडं लोखंड गंजतं, गंजलेला स्क्रू फुगतो, लाकूड फाटतं आणि त्या फटीतून पाणी आत शिरतं. बाहेरून बघणाऱ्याला फक्त स्क्रूच्या डोक्याभोवती काळं-तपकिरी वर्तुळ दिसतं. पेचकस लावला की डोकं हातात येतं आणि दांडा आतच राहतो. भिंतींना अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा असेल तर तो ट्रीटेड लाकडाला टेकतो तिथे पांढरी भुकटी येते आणि पत्र्याला टाचणीएवढी भोकं पडतात.

आणि एवढा धोका पत्करून मिळतं काय? बुरशीला लाकडात वीस टक्क्यांच्या वर ओल लागते, आणि ती नीट वाढते पंचवीस-तीस टक्क्यांवर. कोकणात पावसाळ्यातल्या नव्वद टक्के दमट हवेतसुद्धा, थेट पाणी न लागलेलं लाकूड वीस टक्क्यांच्या आसपास थांबतं. म्हणजे नुसत्या दमट हवेने तळ सडत नाही. सडतो तो साठलेल्या पाण्याने, फटीत, भोकात, कडेत. तळ चासीला न चिकटणारा, कडा-भोकं बंद केलेला आणि निथळता ठेवला तर औषधाची गरजच बरीच कमी होते.

मरीन प्लायचा तळ कसा करावा

दुकानात ‘मरीन’ हा शब्द सैल वापरतात. शीटवर आयएसआय चिन्ह, आयएस ७१० हा क्रमांक आणि परवाना क्रमांक छापलेला बघा. या मानकाच्या प्लायला फिनॉलचा गोंद असतो, ७२ तास उकळून तो तपासतात, आणि पापुद्र्यांना औषधही दिलेलं असतं. म्हणजे ट्रीटमेंटचा फायदा इथे आयता मिळतो. खात्री हवी असेल तर हातभर तुकडा मागून घ्या, त्यातला वीतभर पातेल्यात आठ तास उकळा आणि वाळवा. कडेचे थर सुटले तर ती शीट परत करा. कडेला पापुद्र्यांत पोकळ्या दिसल्या तरीही घेऊ नका.

तळ शीटच्या मापाचाच धरा, २४४० बाय १२२० मिलिमीटर. त्यामुळे मधे सांधा येत नाही, आणि सांधा नाही तर पाणी शिरायची एक मोठी जागा कमी. चासीचे आडवे पाइप ४०० मिलिमीटरवर असतील तर १२ मिलिमीटर प्लाय पुरतं. अंतर ६०० असेल तर १८ घ्यावं लागेल, नाही तर चालताना तळ दबतो. पण वेल्डिंग सुरू करण्याआधी आरटीओत जाऊन या. मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे ट्रेलर हेही वाहनच आहे, त्याला नोंदणी लागते, आणि चासी तयार झाल्यावर मापं बदलणं फार त्रासाचं.

बोल्ट चौकोनी पाइपातून आरपार घालू नयेत. आवळताना पाइप दबतो आणि भोकातून खारं पाणी आत जाऊन पाइप आतून गंजतो, बाहेरून पत्ता लागत नाही. त्याऐवजी ४० बाय ५ च्या लोखंडी पट्टीचे छोटे कान पाइपाच्या आतल्या बाजूला, वरच्या पातळीशी सपाट, वेल्ड करून घ्या. कडेने दर ३०० मिलिमीटरला एक, मधल्या पाचही आडव्या पाइपांवर दोन-दोन. एकूण ३४-३५ कान होतात. कानांना भोकं पाडूनच चासी गॅल्व्हनाइझिंगला किंवा रंगाला द्यावी.

आता शीट चासीवर ठेवून भोकांच्या खुणा करा आणि ती १२ मिलिमीटरच्या बिटने पाडा. बोल्ट ८ चा आहे, मग भोक १२ चं का, तर ते आधी इपॉक्सीने, म्हणजे हार्डनर कालवल्यावर घट्ट होणाऱ्या राळेने, भरायचं आहे. कडा पॉलिश पेपरने गोल करा. धारदार कडेवर इपॉक्सी ओघळून पातळ होतं आणि तिथूनच पुढे चिरतं.

इपॉक्सी हार्डनरसकट अडीच ते तीन किलो लागेल: दोन्ही बाजूंना दोन हात, कडांना तीन. लाकूड म्हणजे बारीक नळ्यांची जुडी. चपट्या बाजूने ती थोडं पाणी पिते, कापलेल्या कडेने भराभर ओढते. म्हणून कडेला तिसरा हात.

इथे कोकणची हवा दोन ठिकाणी नडते. एक, उष्णता. बत्तीस अंशांच्या दुपारी मगभर इपॉक्सी कालवलं तर ते मगातच तापून धूर सोडतं आणि दगड होतं. एका वेळी २०० ते २५० ग्रॅमच कालवा, लगेच पसरट ट्रेमध्ये ओता, आणि हळू घट्ट होणारा हार्डनर मागून घ्या. पहिला हात दुपार कलताना द्या. शीट उन्हात तापवून सावलीत आणली की ती थंड होताना आतली हवा आकसते आणि इपॉक्सी आत ओढलं जातं. सकाळी लावलं तर उलटं होतं. लाकूड तापत जातं, हवा बाहेर येते आणि थरभर बुडबुडे उमटतात. प्रत्येक बुडबुडा म्हणजे एक भोक.

दोन, दमटपणा. हवा ओलसर असली की घट्ट झालेल्या इपॉक्सीवर मेणचट, चिकट साय येते. तिच्यावर दुसरा हात दिला तर तो सोलून निघतो. साय साध्या पाण्याने आणि घासणीने धुऊन जाते. आधी धुवा, पुसून वाळवा, मगच पॉलिश पेपर मारा. आधी पेपर मारला तर साय थरात दाबली जाते. हे सगळं काम डिसेंबर ते मार्च या दिवसांत करावं. मिरग तोंडावर आल्यावर घाईने उरकलेलं इपॉक्सी पहिल्याच पावसात दगा देतं.

भोकांत इपॉक्सी आणि साध्या लाकडाची बारीक भुकटी कालवून भरा, दोन दिवस जाऊ द्या, मग त्या घट्ट गुंडीतून साडेआठ मिलिमीटरचं भोक पाडा. आता बोल्टला कोरं लाकूड लागतच नाही. बोल्ट एम-८, ३५ मिलिमीटर लांब, स्टेनलेस स्टीलचे (एसएस ३१६), बटण हेडचे, खाली रुंद वॉशर. चौकोनी मानेचे कॅरेज बोल्ट इथे नकोत, ती मान इपॉक्सीची गुंडी फोडते. एसएसच्या नायलॉक (आत नायलॉनची कडी असलेल्या) नटाला थोडं ग्रीस लावून हातपान्यानेच आवळा. मशीनने आवळला तर एसएसवर एसएस घासून आटे जाम होतात आणि बोल्ट कापावा लागतो. डोक्याखाली पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट घाला. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन वापरू नका, त्यातलं आम्ल लोखंडाला आणि जस्ताला खातं.

चासी आणि प्लाय यांच्या मधे रबरी पट्टी हवी. ट्रकच्या जुन्या ट्यूबच्या ४० मिलिमीटर रुंद पट्ट्या कापून घेतल्या की काम उत्तम होतं. ते ब्युटाइल रबर पाणी पीत नाही. खालच्या बाजूला, खास करून चाकांमागे, गॅरेजमध्ये गाड्यांना मारतात ते अंडरबॉडी कोटिंग द्या, कारण चाकांनी उडवलेली खडी इपॉक्सीचे टवके काढते. पण खालून प्लास्टिक किंवा पत्रा लावून तळ बंद करू नका. वरून कुठूनही शिरलेलं पाणी मग बाहेर पडायचं नाही.

भिंत तळावर उभी करू नये. ती तळाच्या कडेबाहेरून १५-२० मिलिमीटर खाली उतरवावी. भिंतीवरून येणारं पावसाचं पाणी तिच्या खालच्या टोकावरून जमिनीवर ठिबकलं पाहिजे. भिंत तळावर बसवली तर तेच पाणी बरोबर प्लायच्या कडेत शिरतं. घरगुती ट्रेलर पहिल्यांदा सडतो तो बहुतेक याच रेषेत.

ट्रीटेड लाकूड घालायचंच असेल तर

मागच्या बाजूचा स्वयंपाकाचा उघडा ओटा, चढायची पायरी, सामानाच्या उघड्या ट्रेलरचा फळ्यांचा तळ: या जागा पावसात भिजतात, वाऱ्याने वाळतात. इथे ट्रीटेड लाकूड शोभतं. ओट्यावर मात्र भाजी चिरायला वेगळा पाट ठेवा, अन्न थेट फळीवर नको.

आधी वाळवा. सावलीत, वारा खेळेल अशा जागी थप्पी रचा, प्रत्येक थरात दर ४०० मिलिमीटरला २५ च्या रिपा आणि वर चिऱ्यांचं वजन. ओलावा मोजायचं टोच्याचं मीटर इथे फसवतं. तांब्याच्या क्षारांमुळे ते खऱ्यापेक्षा जास्त ओल दाखवतं. सोपा उपाय म्हणजे एका फळीवर खूण करून ती दर आठवड्याला सामानाच्या वजनकाट्याला लटकवा. सलग दोन आठवडे वजन उतरलं नाही की फळी तिथल्या हवेपुरती वाळली. २५ मिलिमीटरच्या फळीला उन्हाळ्यात महिना-दोन महिने लागतात.

कापलं की कोरा गाभा उघडा पडतो. तिथे बोरॉनचं पाणी लावा: लिटरभर गरम पाण्यात ६० ग्रॅम टाकणखार आणि ४० ग्रॅम बोरिक पावडर. दोन-तीन हात द्या, वाळू द्या, वर पांढरे कण दिसले तर ओल्या फडक्याने पुसा, आणि पुन्हा वाळल्यावर इपॉक्सीने बंद करा. बोरॉन पाण्याबरोबर धुऊन जातं, म्हणून उघडं सोडून चालत नाही. डबा मुलांच्या हाताला लागू देऊ नका. काजूच्या टरफलाचं तेल वाशांना लावायची जुनी पद्धत चांगली आहे, पण ट्रेलरवर ते जपून. त्यावर इपॉक्सी धरत नाही, ते लवकर वाळत नाही आणि कातडी भाजतं.

बोल्ट ३१६ चेच घ्या, निदान गरम जस्तात बुडवलेले. लाकूड आणि धातू यांच्या मधे ट्यूबची पट्टी सलग हवी, अ‍ॅल्युमिनियमपाशी तर हवीच हवी. वाळलेल्या फळ्यांत सहा मिलिमीटरची फट ठेवा.

कापताना मास्क लावा, भुसा ताडपत्रीवर धरा. आणि तुकडे न्हाणीच्या चुलीत घालू नका, भाजावळीत टाकू नका. आपल्याकडे उरलंसुरलं लाकूड हमखास तिथेच जातं, आणि राख माडाच्या आळ्यात किंवा भांडी घासायला. सीसीएचं लाकूड जाळलं की आर्सेनिक थोडं धुरात जातं, बाकीचं राखेतच राहतं. तो भुसा गोठ्यात किंवा कोंबड्यांखालीही पसरू नका.

वापरात आणि पावसाळ्यात

बंद ट्रेलरमध्ये दोन माणसं झोपली की श्वासातून आणि घामातून रात्रीत अर्धा लिटर तरी पाणी हवेत येतं आणि त्यातलं बरंच गादीखालच्या थंड तळावर दवासारखं जमतं. गादीखाली काथ्याची चटई घाला, दोन समोरासमोरच्या झडपा रात्रभर उघड्या ठेवा. व्हिनाइल चिकटवू नका, नुसतं अंथरा, म्हणजे उचलून खाली बघता येतं. गुहागरच्या किंवा तारकर्लीच्या वाळूतून आल्यावर खालून गोड्या पाण्याने धुवा, कानांच्या आणि बोल्टांच्या भोवती नीट.

पावसाळ्यात ट्रेलर ताडपत्रीत गुंडाळून ठेवणं सर्वांत वाईट, आत वाफ कोंडते. बाजू उघड्या असलेल्या पडवीत, पुढचं नाक थोडं खाली करून उभा करा. चाकाखाली आणि टेकूखाली चिरे ठेवले तरी वाळवी चिऱ्याच्या बाजूने मातीची नळी बांधत चढते, म्हणून आठवड्याला एकदा टायर आणि टेकू बघा. नळी दिसली की मोडून टाका आणि खालचा पालापाचोळा झाडा.

नवरात्राच्या सुमाराला, हवा कोरडी होऊ लागली की, टोच्या घेऊन खालून प्रत्येक बोल्टाभोवती आणि चारही कडांना टोचून बघा. टणक प्लायवर नुसता ओरखडा उठतो. टोच्या मऊसर आत गेला तर तो बोल्ट काढा, तिथलं लाकूड कोरडं होऊ द्या, नरम भाग पूर्ण कोरून बोरॉनचं पाणी द्या आणि वाळल्यावर इपॉक्सीने भरून भोक नव्याने पाडा. नरम जागा तळहाताहून मोठी असेल तर डागडुजीत वेळ घालवू नका, शीट बदला. बोल्ट जाम झालेले नसतील तर ते काम दोघांना एका दिवसाचं आहे.